एका थेंबाचे मोल किती?

तुळशीचे लग्न लागले की आपल्या विदर्भात सोयरिकीची बोलणी सुरू होतात. कापूस वेचणीला आलेला असतो, सोयाबीनचे पैसे हातात पडलेले असतात किंवा पडायचे असतात, आणि घरात लग्नाचे मूल असले की संध्याकाळी ओसरीवर तोच विषय निघतो. मुलाकडे शेती किती, त्यात ओलिताची किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकते का, भाऊ किती, सासू स्वभावाने कशी, हे सगळे तुम्ही खोदून खोदून विचारता. कुणी पत्रिका पाहतात, कुणी पाहत नाहीत. पण चौकशी केल्यावाचून कुणीच मुलगी देत नाही.

त्यात गैर काही नाही. आपण बैल घेताना दात पाहतो. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. जन्माचा व्यवहार करताना तर अधिकच पाहावे. मात्र नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या मुलखात आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे, आणि नेमकी तीच विचारायला जीभ रेटत नाही. ती म्हणजे रक्त. घराणे या अर्थाने नव्हे, तर बोटाला सुई टोचून काढलेला तो खरोखरीचा एक थेंब.

सिकलसेल हे नाव आता आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक झाले आहे. शाळेत तपासणी होते, आशाताई घरी येऊन सांगतात, दवाखान्याच्या भिंतीवर चित्र असते. पण नाव ठाऊक असणे वेगळे आणि त्या तपासणीचे मोल मनाला पटणे वेगळे. आजचा लेख या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. मोठ्या माणसांना, म्हणजे तुम्हाआम्हाला, अशा तपासणीचे मोल किती वाटते? आणि ते मोल मोजायचे कसे? हसू नका, जगात या प्रश्नावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे काम करीत आहेत.

आधी रोग समजून घेऊ

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमी गोल आणि मऊ असतात. बारीकातल्या बारीक नसेतूनही त्या वाकून निघून जातात. सिकलसेलच्या रोग्याच्या पेशी प्राणवायू कमी पडला की ताठ होतात आणि विळ्यासारख्या वाकड्या होतात. इंग्रजीत सिकल म्हणजे विळाच. अशा पेशी नसांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुंबतो आणि हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्याची पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, अंगात त्राण नाही. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात, पुन्हा पुन्हा ताप येतो, आणि घरचे लोक कधी कावीळ म्हणतात तर कधी नजर लागली म्हणतात.

हा रोग स्पर्शाने होत नाही, पाण्याने होत नाही, कुणाच्या पापाने तर नाहीच. तो आईबापांकडून येतो, आणि दोघांकडूनही यावा लागतो. रक्ताचा हा गुण मुलाला आईकडून एक आणि बापाकडून एक असा जोडीने मिळतो. जोडीतला एकच दोषाचा असेल तर तो माणूस वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. तो नांगर धरतो, मोट हाकणाऱ्या आपल्या आजोबासारखाच राबतो आणि म्हातारा होऊन मरतो. जोडीतले दोन्ही दोषाचे असतील तरच मूल रोगी. वाहक आणि वाहक यांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक संधी रोगी मुलाची, चारात दोन वाहक मुलाची आणि चारात एक अगदी निर्दोष मुलाची.

आता ऐका, इथे फार मोठी चूक होते. पहिले मूल रोगी निघाले तर पुष्कळ घरांत धरून चालतात की चारातला एक होऊन गेला, आता पुढची तीन चांगली. तसे नसते. प्रत्येक गर्भाला डाव नव्याने मांडला जातो. गेल्या साली पाऊस कमी झाला म्हणून यंदा नक्की बरसेल असे कोणता शेतकरी धरून चालतो? तसेच हे.

आणखी एक. रोगी मूल झाले की बोट सुनेकडे दाखवायची आपली जुनी सवय. ‘हिच्याच माहेरचं आहे.’ पण वर सांगितल्याप्रमाणे दोष दोन्हीकडून आल्याशिवाय मूल रोगी होतच नाही. सासूबाईंनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

हा दोष आपल्याच भागात इतका का? त्याचे उत्तर जंगलात आणि डासांत आहे. वाहक माणसाला जबर हिवतापापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने माणसे गेली, तिथे हा गुण अंगी असलेली माणसे जास्त तगली, त्यांची मुलेबाळे वाढली आणि गुणही वाढला. आफ्रिकेत तेच झाले, मध्य भारतातही तेच झाले. म्हणून आदिवासी जमातींत आणि नवबौद्ध समाजात हे प्रमाण अधिक दिसते, आणि इतर अनेक जातींतही ते आढळते. काही समाजांत शंभरात दहा, काहींत वीसहून अधिक वाहक सापडतात. कमीपणा वाटण्यासारखे त्यात काय आहे? पूर्वजांनी हिवतापाशी झुंज देऊन मिळवलेले हे जुने हत्यार आहे, फक्त त्याला दोन्ही बाजूंनी धार आहे.

नागपूरचा या विषयाशी संबंध जुना. भारतात हा दोष पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९५२ साली, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ साली, नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिले. म्हणजे आपल्या डॉक्टरांना हे कळून साठाहून अधिक वर्षे झाली. संपत रामटेके यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी करून रोग्यांचा आवाज सरकारपर्यंत नेला, त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बाळांच्या तपासणीचेही काम झाले आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत रोग हटवायचा, असे त्यात ठरले.

म्हणजे सुई आहे, नळी आहे, माणसे आहेत. राहिला प्रश्न आपल्या मनाचा.

उमरेडकडचे एक घर

समजा, उमरेडकडच्या एका गावात एक कुटुंब आहे. हे घर माझ्या मनातले आहे, खरे नाव-गाव शोधू नका. पण असे घर तुमच्या शेजारीही असेल. पाच एकर शेती, घरात आजी, आईवडील, बारावी झालेली एकवीस वर्षांची मुलगी आणि धाकटा मुलगा. गावात शिबिर झाले. मुलीने मैत्रिणींबरोबर जाऊन बोट पुढे केले. पंधरवड्याने कार्ड आले आणि त्यावर ‘वाहक’ असे लिहिलेले होते.

‘काहून गेली होती व तू तिथं?’ आईने पहिल्यांदा हेच विचारले.

‘सगळ्याच गेल्या होत्या.’

‘आता सांगू नको कोणाले. पोरीच्या जातीचं असं नाव झालं म्हणजे कोण येईन दारात?’

आजी म्हणाली, ‘मले त काहीच होत नाही, हिच्या बापाले काही होत नाही, मंग हिले कुठून आलं?’

शिबिराच्या दिवशी याच आईला कुणी कागद घेऊन विचारले असते, ‘बाई, ही तपासणी चांगली वाटते का?’ तर तिने ‘हो, चांगली आहे’ असेच सांगितले असते. पांढरा कोट घातलेल्या माणसाला आपण कधी नाही म्हणतो का? पाहणी करणाऱ्याने शंभरात नव्वद लोकांना तपासणी उपयोगाची वाटते असे लिहून नेले असते. आणि आठ दिवसांनी तेच कार्ड ट्रंकेच्या तळाशी गेले असते.

मोजणाऱ्यांची पहिली फसगत ही अशी होते. परदेशातही झालेली आहे. हंटिंग्टन नावाचा एक मेंदूचा आनुवंशिक रोग आहे, तो चाळिशीच्या आसपास सुरू होतो आणि त्यावर इलाज नाही. १९८० नंतरच्या वर्षांत, तपासणी निघायच्या आधी, ज्यांच्या आईला किंवा बापाला हा रोग होता अशा लोकांना विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक लोक म्हणाले की तपासणी निघाली तर आम्ही करून घेऊ. प्रत्यक्षात ती निघाली तेव्हा बहुतेक देशांत चारात एकापेक्षाही कमी लोक पुढे आले. ती माणसे खोटे बोलली नव्हती. कळून करायचे काय, हा प्रश्न दारात उभा राहिला तेव्हा त्यांना त्या उत्तराचे ओझे जाणवले.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीतही एक शिकण्यासारखी गोष्ट घडली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तिथे गेले तेव्हा सुरुवातीलाच त्यांनी सिकलसेलची पाहणी केली. रोग भरपूर सापडला. पण पुढे डॉ. बंग यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितले आहे की लोकांना ती आपली निकडीची गरज वाटतच नव्हती, ती शास्त्रज्ञाला महत्त्वाची वाटलेली गोष्ट होती. त्यानंतर त्यांनी आधी लोकांना विचारायचे, मग काम ठरवायचे, असा रिवाज पाडला. मोठ्या माणसाने असे कबूल करणे सोपे नाही. रोग खरा असतो, तपासणीही खरी असते, पण ज्याच्या बोटाला सुई टोचायची त्याच्या लेखी तिचे मोल शून्य असू शकते. ते का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

रुपयांत मोजता येते का?

अर्थशास्त्राचे लोक एक सोपा उपाय करतात. ते विचारतात, ‘या तपासणीसाठी तुम्ही किती रुपये द्याल?’ जो आकडा येईल ते त्या माणसाच्या मनातले मोल. शहरात, पगारदार माणसाच्या बाबतीत हे ठीक आहे. आपल्याकडे मला हा गज तोकडा वाटतो. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, तरी ती शेतकऱ्याला फुकट पडते का? वेचणीच्या दिवसांत एक दिवसाची मजुरी बुडते, जायचे-यायचे भाडे लागते, पक्क्या अहवालासाठी दुसरा फेरा पडतो. आणि कार्डावर नको ते आले तर पोरीच्या लग्नात काय मोजावे लागेल याचा हिशेब कुणाच्याच वहीत नाही. उमरेडकडची ती माउली ‘दहा रुपये देईन’ म्हणेल की ‘शंभर देईन, पण नाव कळू देऊ नका’ म्हणेल? दुसरेच बहुधा.

म्हणून काही अभ्यासकांनी वेगळी वाट धरली. अमेरिकेत बार्बरा बीसेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली, आनुवंशिक तपासणी केलेल्या लोकांनी आजवर आपल्याला काय मिळाले असे सांगितले ते सगळे गोळा करून चाळले. औषधोपचाराचा फायदा त्यांनी बाजूला ठेवला आणि माणसाला स्वतःपुरता काय उपयोग वाटतो तेवढेच पाहिले. त्यातून चार पारडी निघाली. मनाला काय वाटले, डोक्यात काय उजेड पडला, पुढे वागण्यात काय बदल झाला, आणि चारचौघांत, नात्यागोत्यात काय झाले. प्रत्येकाबद्दल प्रश्न विचारायचे आणि माणसाने कमी, मध्यम, जास्त असे गुण द्यायचे. आपण बाजारात संत्र्याचा ढीग पाहतो तेव्हा नुसते वजन पाहत नाही, रंग, साल, गोडी वेगवेगळी पाहतो, तसाच हा प्रकार.

आपल्या त्या घराला ही चार पारडी लावून पाहा. मनाच्या पारड्यात त्या दिवशी भीतीच पडली. डोक्याच्या पारड्यात थोडे पडले आणि तेही अर्धवट, कारण ‘वाहक’ म्हणजे रोगी नव्हे हे आईला कुणी बसून सांगितलेच नव्हते. वागण्याचे पारडे रिकामे, कार्ड ट्रंकेत गेले. आणि चौथ्या पारड्यात, लोकांत, उलट वजन पडले. अशा तपासणीचे मोल तिच्या दृष्टीने उणेच झाले. दोष सुईचा नाही. सुईनंतरचे बोलणे झाले नाही, त्याचा आहे.

अमेरिकेतल्या या मापात मला एक उणीव दिसते, तीही सांगून टाकतो. तिथे एकट्या माणसाला विचारतात, ‘तुला काय वाटते?’ आपल्याकडे तपासणी एकीची असते, पण निर्णय आजी, वडील, मामा आणि अर्धी भावकी घेते. मोजायचेच असेल तर सगळ्या ओसरीला विचारायला हवे. आणि सुनेला वेगळे, सासूच्या नजरेआड.

चौथे पारडे सर्वांत जड

लोकांत काय होते याच्या दोन परदेशी गोष्टी सांगतो, कारण त्या आपल्यासारख्याच आहेत. ग्रीस देशात ऑर्कोमेनॉस नावाचे एक गाव आहे. शेतीचे गाव आणि तिथेही लग्ने घरच्यांनी जुळवायची पद्धत. गावात जवळजवळ चौथाई लोक सिकलसेलचे वाहक होते. डॉक्टरांनी गावाची तपासणी केली, प्रत्येकाला निकाल सांगितला, वाहकाने वाहकाशी लग्न करू नये हे समजावले. काही वर्षांनी येऊन पाहिले तर वाहक-वाहक लग्ने योगायोगाने जितकी झाली असती तितकीच झाली होती. कारण? वाहक म्हटले की स्थळे फिरत, म्हणून घरचे लोक ते लपवू लागले. दोन्हीकडच्यांनी लपवले की तपासणी होऊन न झाल्यासारखीच. १९७४ च्या सुमारास हे छापून आले आणि जगभरचे डॉक्टर खडबडून जागे झाले.

अमेरिकेत १९७२ साली सिकलसेलसाठी कायदा झाला आणि तपासणीची लाट आली. पण वाहक आणि रोगी यांतला फरक कित्येक अधिकाऱ्यांनाच कळला नव्हता. धडधाकट वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे दर वाढवले गेले, हवाई दलाच्या अकादमीचे दार तर त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. ते लोक बहुतेक काळे होते, हेही विसरू नका. ज्या समाजाने आधीच अपमान सोसलेला असतो, त्याच्या दारात जाऊन ‘तुमच्या रक्तात दोष आहे’ असे सांगणारा माणूस कितीही चांगल्या मनाचा असो, त्याच्याकडे संशयाने पाहिले जाणारच. आपल्या विदर्भातही ज्यांच्यात हा दोष अधिक आढळतो त्यांचा पूर्वेतिहास आठवा, म्हणजे शिबिरातून पाय मागे का फिरतात ते उमगेल.

आता याच्या उलट बाजू. सौदी अरबस्तानात २००४ सालापासून लग्नाआधी रक्ततपासणी सक्तीची झाली. लग्न करायचे की मोडायचे हे मात्र जोडप्यावर सोडले. पहिल्या वर्षी धोक्याची जोडी निघाली तरी शंभरात जेमतेम नऊ जणांनी ठरलेले लग्न थांबवले. २००९ पर्यंत हे प्रमाण शंभरात बावन्नच्या घरात गेले. सुई तीच, रोग तोच. पाच वर्षांत लोकांच्या मनातले मोल बदलले, आणि ते कागदावरच्या उत्तरात नव्हे, वागण्यात दिसले. मला मोजण्याची ही रीत सर्वांत खरी वाटते. सक्ती मात्र आपल्याकडे नको असेच मी म्हणेन. जिथे कागदावरून जात ओळखली जाते तिथे सक्तीच्या कागदाचे काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

काय काय पदरात पडते

तर मग आपल्या माणसाला या थेंबाचे मोल कशात दिसावे? ते वयाप्रमाणे वेगळे आहे.

सर्वांत जास्त मोल तान्ह्या बाळाला. रोगी बाळ लवकर कळले तर पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि वेळच्या वेळी लसी देऊन जीवघेण्या संसर्गापासून ते वाचवता येते. पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध रोज घेतले तर कळांचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची पाळी कमी येते. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, तापाकडे दुर्लक्ष नाही, उन्हातान्हात अतिश्रम नाहीत, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. पूर्वी लहानपणीच जाणारी मुले आज शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे, प्रमाणपत्र मिळाले तर त्याचा आधार होतो.

लग्नाच्या मुलामुलीला मोल वेगळे. तुम्ही वाहक असाल तर समोरचा वाहक किंवा रोगी नाही एवढेच पाहायचे, बस. बिनदोषाच्या माणसाशी वाहकाने खुशाल लग्न करावे, त्यांचे मूल रोगी होणार नाही. ‘वाहक मुलगी नकोच’ म्हणणारे स्थळ अडाणी आहे, मग मुलगा इंजिनिअर का असेना. खरे म्हणजे मुलाकडच्यांनी आधी आपल्या मुलाचे कार्ड पुढे करावे. मुलगा निर्दोष असेल तर मुलीचा प्रश्नच संपला.

लग्न झालेल्या आणि दोघेही वाहक निघालेल्या जोडप्यासाठीही वाट बंद नाही. दिवस राहिल्यावर दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयात करता येते. गर्भलिंग पाहण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, पण अशा आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी तोच कायदा मान्यताप्राप्त केंद्रात करू देतो. निकालानंतर काय करायचे ते त्या दोघांनी ठरवायचे. काही जोडपी गर्भ ठेवतात, काही ठेवत नाहीत, आणि बाहेरच्याने त्यात तोंड घालू नये.

तपासणी कशी होते तेही पाहून ठेवा. बोटातला थेंब एका नळीतल्या औषधात टाकतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. पाणी स्वच्छ राहून रेघा दिसल्या तर दोष नाही. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर दोष आहे. पण गढूळ पाणी वाहकाचेही असते आणि रोग्याचेही असते. या पहिल्या तपासणीने त्यांतला फरक कळत नाही, म्हणून दुसरी पक्की तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर नळीची ही तपासणी चालतच नाही, त्याला दुसरी करावी लागते. पहिल्या नळीवरूनच कुणी ‘तुमची पोरगी पॉझिटिव्ह’ असे ओरडून सांगितले, तर त्याला तिथेच थांबवा आणि पक्का अहवाल मागा. तो एकांतात, बसवून, समजावून मागा. आणि कार्डावरचा शब्द नीट वाचा. वाहक की रोगी?

परत उमरेडकडे

त्या घरात दिवाळीनंतर एक स्थळ आले. भिवापूरकडचे, मिरचीची शेती, मुलगा पंचायत समितीत कामाला. चहा झाला, शेतीच्या गोष्टी झाल्या. दरम्यान आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई एका दुपारी घरी येऊन गेल्या होत्या. चार दाणे ज्वारीचे आणि चार दाणे तुरीचे जमिनीवर मांडून त्यांनी आजीला सगळा खेळ समजावला होता. आजीने सगळे ऐकले आणि एवढेच म्हणाली, ‘म्हणजे मीबी असन, अन् मले सत्तर वर्षं काही झालं नाही.’ त्या दिवसापासून तिची भीती गेली. आईची मात्र गेली नव्हती.

बोलणी पुढे सरकली तेव्हा बापाने आतल्या खोलीत जाऊन ट्रंक उघडली. सातबाऱ्याच्या कागदाखालून कार्ड काढले, सदऱ्याच्या खिशात घातले, पुन्हा काढले. आई दारात उभी होती, काही बोलली नाही. ओसरीवर येऊन त्याने ते पाहुण्यांसमोर ठेवले आणि म्हणाला, ‘आमच्या पोरीचं हे असं आहे. तुमच्या पोराचं पाह्यलं का?’

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. मुलाच्या काकांनी चष्मा लावून कार्ड दोनदा वाचले. मग मुलगाच म्हणाला, ‘आमच्या हापिसात शिबिर झालं होतं. मी त्या दिवशी रजेवर होतो. सोमवारी जातो.’